शिट्टीवाल्या सरांचं बीजगणित

डिसेंबरातल्या सकाळी, नांदगाव पेठेतल्या गिरणीत माझी दुपारची पाळी असते त्या आठवड्यात, मी अमरावतीत घराजवळच्या मैदानावर फिरायला जाते. परवाही गेले होते. दव पडून माती गडद झाली होती आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली कानटोप्या घालून कोपऱ्यात हातपाय मोकळे करत होत्या. त्यांचा प्रशिक्षक पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून त्यातून चुन्याची भुकटी ओतत धावायच्या रेषा आखत होता. ओल्या मातीवर कोरडा चुना पडला की एक वास उठतो. किंचित झणझणीत, किंचित गार, नुकत्याच रंगसफेदी केलेल्या भिंतीजवळून जावं तसा. मी चालता चालता थांबले. त्या वासाने इतरांना शर्यती आठवत असतील, शाळेची संमेलनं आठवत असतील. मला बीजगणित आठवतं. हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून आजवर कुणाला सांगितलं नाही. पण ज्यांना कधी काळी एखादा विषय भिंतीसारखा वाटला होता आणि कुणीतरी त्या भिंतीत दार दाखवलं होतं, त्यांना हसू येणार नाही असं वाटतं.

आमचं गाव अकोल्याहून अमरावतीकडे येताना मूर्तिजापूरच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत वळलं की लागतं. शाळा दहावीपर्यंतची, कौलारू, मागे बाभळींनी वेढलेलं मैदान. उन्हाळ्यात त्या मैदानाच्या काळ्या मातीला इतक्या रुंद भेगा पडत की चेंडू आत गेला तर काठीने उकरून काढावा लागे. मी नववीत गेले त्या जूनमध्ये गणिताच्या सरांची बदली झाली. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. महिनाभर आमचा गणिताचा तास म्हणजे गोंगाटाचा तास होता. शेवटी हेडसरांनी, दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून, तो तास खेळाच्या सरांना दिला.

खेळाचे सर परतवाड्याकडचे. उंच, सावळे, चाळिशी ओलांडलेले. तरुणपणी कबड्डी खेळताना पायाचा घोटा दुखावला होता म्हणून चालताना डावा पाय जरासा ओढत. गळ्यात लाल नाडीची शिट्टी कायम. ती वाजवून ते अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशी हाक द्यायचे, पण बोलायचे मात्र हळू. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं गणिताचं पुस्तक काखेत धरून ते पहिल्यांदा वर्गात आले तेव्हा गळ्यातली शिट्टी काढायची विसरले होते, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच शीळ घातली होती.

त्या दिवशी त्यांनी फळ्यावर एक कंसाचं उदाहरण घेतलं. कंसाबाहेर वजा असला की आतल्या सगळ्या पदांची चिन्हं बदलायची असतात. सरांनी पहिल्याच पदाचं बदललं, दुसऱ्याचं राहिलं. उत्तर लिहून त्यांनी पुस्तकाची मागची पानं उलटली, तिथलं उत्तर पाहिलं, पुन्हा फळ्याकडे पाहिलं. वर्गात खसखस पिकली. आम्हांला वाटलं, आता ते ओरडतील, नाहीतर पुस्तक मिटून आम्हांला मैदानावर नेतील. त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "मले हे येत नाई. उद्या शिकून येतो."

शिकवणाऱ्या माणसाने असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी ते खरोखरच शिकून आले. तेच उदाहरण घेतलं, कुठे चुकलं होतं ते दाखवलं, आणि त्या चुकीभोवती खडूने गोल काढून म्हणाले की हा गोल आठवडाभर कुणी पुसायचा नाही.

माझी गोष्ट सांगायची तर मी तेव्हा सुवाच्य अक्षराची, वह्या नीट ठेवणारी, पण गणितात आतून पोकळ असलेली मुलगी होते. पाचवीपासूनच कुठेतरी धागा सुटला होता. 'उणे उणे अधिक' हे मी पाढ्यासारखं पाठ केलं होतं, पण ते कुठे लावायचं आणि कुठे नाही हे कळत नव्हतं. उणे तीन वजा दोन म्हटलं की मी ठामपणे पाच लिहायची. दोन उणे दिसले ना, मग झाले अधिक. आधीचे सर त्यावर लाल फुली मारून पुढे जात. चूक आहे हे मला दर वेळी कळायचं. का चूक आहे हे कधीच नाही. आणि बीजगणित तर सगळं चिन्हांवरच उभं असतं. पाया असा कच्चा असताना वर समीकरणांचे मजले चढत चालले होते, आणि मी प्रत्येक मजल्यावर नुसती अक्षरं गिरवत होते.

श्रावणातल्या एका उघडिपीच्या सकाळी सर आम्हांला मैदानावर घेऊन गेले. गणिताचाच तास होता. चुन्याची एक लांब रेघ त्यांनी आधीच आखून ठेवली होती. मध्ये शून्य, उजवीकडे एक ते दहा, डावीकडे उणे एक ते उणे दहा. आकडे चांगले हातभर मोठे. एकेकाला बोलवून ते चालायला लावत होते. माझी पाळी आली. उणे तीनवर उभं राहायला सांगितलं, राहिले. "आता दोन वजा कर," ते म्हणाले. मी सगळ्यांसमोर तरातरा उजवीकडे निघाले, शून्य ओलांडलं आणि पाचावर जाऊन उभी राहिले. कुणी हसलं नाही, कारण निम्म्यांना तेच बरोबर वाटत होतं. सर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात एवढंच विचारलं, "वजा करून राहिली, त वाढलं कसं?"

मी त्या पाचावर उभी होते. पायाखाली चुना होता. मग त्यांनी नियम सांगितला. अधिक असेल तर तोंड उजवीकडे, वजा असेल तर तोंड डावीकडे. पुढची संख्या साधी असेल तर पुढे चालायचं, उणे असेल तर उलट्या पावली मागे. मी परत उणे तीनवर गेले. डावीकडे तोंड केलं, दोन पावलं टाकली. उणे पाच. पुढे त्यांनी मला तीनवर उभं केलं आणि उणे दोन वजा करायला सांगितलं. वजा म्हणून डावीकडे तोंड फिरवलं, उणे म्हणून उलट्या पावली दोन पावलं मागे सरकले, आणि पाठ ज्या दिशेला होती त्या दिशेला, न बघता, पाचावर जाऊन पोचले. उणे उणे अधिक. चार वर्षं जिभेवर असलेला नियम त्या सकाळी पायांना कळला. आजही कुठे चिन्हाचा गोंधळ झाला तर माझ्या टाचा आधी हलतात.

त्यानंतर सर आमच्याकडून बीजगणिताचा कबड्डीसारखा सराव करून घेऊ लागले. रोज तासाच्या सुरुवातीला दहा छोटी समीकरणं, अंग गरम करायला. एका ओळीत एकच पायरी. बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचं चिन्ह, ओळंब्यात. पद या बाजूचं त्या बाजूला नेलं की चिन्ह बदललं का ते बोट ठेवून पाहायचं. आणि शेवटी ताळा. आलेली किंमत मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू सारख्या येतात का ते पाहिल्याशिवाय उत्तराखाली रेघ मारायची नाही, हा त्यांचा कायदा होता. ताळ्याशिवायचं उत्तर बरोबर असलं तरी ते निम्मेच गुण द्यायचे.

या ताळ्याविषयी मला नंतर खूपदा वाटत आलं आहे. गावातल्या चौदा वर्षांच्या मुलीला बरोबर काय नि चूक काय हे नेहमी दुसऱ्या कुणीतरी सांगायचं असतं. कुठे जायचं, काय बोलायचं, किती हसायचं. अशा मुलीच्या हाती एक अशी रीत आली की तिला कुणाला विचारावंच लागत नव्हतं. उत्तर मागच्या पानावर पाहायचं नाही, सरांना दाखवायचं नाही; स्वतःच किंमत घालून बघायची आणि दोन्ही बाजू जुळल्या की स्वतःच मान हलवायची. माझं बरोबर आहे, हे मी पहिल्यांदा एका समीकरणाच्या बाबतीत कुणालाही न विचारता म्हटलं. त्याचं मोल तेव्हा कळलं नव्हतं.

पण पाया भरायला वेळ लागतो आणि परीक्षा थांबत नाहीत. सहामाहीत मला चाळिसापैकी अकरा गुण पडले. वर्गात आणखी सातजण नापास झाले. दिवाळीनंतर गावात कुजबुज सुरू झाली. शिट्टीवाला गणित शिकवून राहिला म्हणे, त्यालाच येत नाही म्हणे. त्या काळी गणित जड जाणाऱ्यांसाठी सामान्य गणिताचा सोपा पर्याय असे. तो घेतला की दहावी सुटायची, पण पुढे विज्ञानाचं आणि तंत्रशिक्षणाचं दार बंद व्हायचं. हेडसरांनी जानेवारीत पालकांची सभा ठेवली. सगळ्या वर्गालाच सामान्य गणित द्यावं, असं त्यांच्या मनात होतं. त्यात त्यांचंही चुकत नव्हतं. शिक्षक नाही तर करणार काय. माझे बाबा वीज मंडळात लाइनमन होते. खांबावर चढणारा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी माझी गुणपत्रिका पाहिली आणि म्हणाले की सामान्य घे, पास तर होशील. मी हो म्हटलं. मला बरंच वाटलं, खरं तर. भिंतीशी झुंजण्यापेक्षा दुसऱ्या गल्लीने जाणं सोपं असतं.

सभेच्या आधीच्या रविवारी आईचे डोळे तपासायला आम्ही अमरावतीला मावशीकडे गेलो होतो. दुपारी आई नि मावशी बोलत बसल्या आणि मी कंटाळून गल्लीत आले. समोरच्या घराच्या ओसरीवर चटई टाकलेली होती. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली पुस्तकांची फळी. खुर्चीत पांढऱ्या लुगड्यातल्या, जाड चष्म्याच्या एक वयस्क बाई बसल्या होत्या. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत हे मावशीकडून मागाहून कळलं. आणि त्यांच्या पायाशी चटईवर मांडी घालून, गुडघ्यावर वही ठेवून, आमचे खेळाचे सर बसले होते. गळ्यात शिट्टी नव्हती. त्यामुळेच असेल, ते मला एकदम लहान वाटले.

मी फाटकापाशी थिजले. पाहिलं नाही असं करून परत फिरावं असं मनात आलं, तेवढ्यात सरांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं नि काय गेलं ते मला सांगता येणार नाही. क्षणभराने ते चटईवर थोडे बाजूला सरकले आणि रिकाम्या जागेवर हात ठेवून म्हणाले, "ये. बस."

बाईंनी कोण, कुठली विचारलं नाही. वहीचा एक कागद फाडून मला दिला आणि सरांना घातलेलंच उदाहरण मलाही सांगितलं. आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. आणखी बारा वर्षांनी ते दुप्पट होईल. तर दोघींची आजची वयं काढा. आम्ही दोघं शेजारी शेजारी सोडवायला लागलो. सरांची पेन्सिल माझ्या आधी थांबली. बाईंनी त्यांची वही घेतली, चष्म्याखालून पाहिली.

"मुलगी शून्य वर्षांची आली तुझी," त्या म्हणाल्या. "मग तिची आई किती वर्षांची, ते ताळा करून सांग."

सरांनी मनात मांडून पाहिलं. तीन गुणिले शून्य. "शून्यच," ते ओशाळून म्हणाले.

"दोघी एकाच दिवशी जन्मल्या का रे?"

सरांना हसू फुटलं, आणि मला इतका वेळ आवरलेलं हसू आवरलं नाही. कंस सोडवताना त्यांचं बारालाही दोनाने गुणायचं राहून गेलं होतं. पहिल्या दिवशी फळ्यावर झालेल्या चुकीचीच ही बहीण. बाईंनी माझा कागद पाहिला. मुलगी बारा, आई छत्तीस, खाली ताळा. "हिचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "हिचं पाहून घे." आणि सरांनी माझ्या हातातला कागद घेतला, एकेका पायरीवर बोट ठेवत वाचला, आणि आपल्या वहीत खाली नव्याने सोडवला. माझ्या शाळेत असताना हा दोनदा गणितात नापास झाला होता, बाई मला सांगू लागल्या. तिसऱ्यांदा मी पास करवला, आता पुन्हा आलाय. दर रविवारी सकाळच्या बसने येतो आणि आठवड्याच्या सगळ्या तासांची उदाहरणं इथे बसून आधी स्वतः सोडवतो. जुलैपासून एकही रविवार चुकलेला नाही. सर मान खाली घालून लिहीत राहिले. निघताना मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "वर्गात सांगू नको."

मी वर्गात सांगितलं नाही. पण घरी सांगितलं. रात्री जेवताना बाबांना सगळं सांगितलं, शून्य वर्षांच्या आईसकट. बाबा हसले नाहीत. भाकरीचा घास हातात धरून ऐकत राहिले.

सभेच्या दिवशी आम्ही मुलं खिडकीबाहेर उभी होतो. सर मागच्या भिंतीला टेकून उभे होते. एकदोघे पालक बरंच बोलले. खेळाच्या माणसाने खेळ पाहावा, पोरांचं नुकसान होत आहे. हेडसर मान डोलवत होते. मग बाबा उठले. चार माणसांत ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही. म्हणाले, "हा मानूस सहा दिवस आपल्या पोरायले शिकवते आन सातव्या दिवशी अमरावतीले जाऊन सोता शिकते. माया पोरीनं डोळ्यानं पाह्यलं. मले दुसरा मास्तर नोको. माई पोरगी हेच गणित करन." आणि खाली बसले. सर खिडकीबाहेर बघत होते, माझ्याकडे नाही. शेवटी ठरलं की ज्याला हवं त्याने सामान्य घ्यावं, बाकीच्यांचं आहे तेच चालू ठेवावं. तिघांनी सामान्य घेतलं.

पुढचे काही दिवस सरांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. मी विश्वास मोडला असं मला वाटत होतं आणि ते खरंच होतं. एका संध्याकाळी खो-खोच्या सरावानंतर त्यांनी मला थांबवलं. गणिताचा तास सोडायचा अर्ज त्यांनी लिहून ठेवला होता, सभेनंतर हेडसरांना द्यायचा म्हणून खिशात घेऊनच आले होते, असं त्यांनी सांगितलं. "तुये बाबा बोलले, मंग देता आला नाई," ते म्हणाले, "लई राग आला होता मले तुया." मी विचारलं, आता? उद्या वर्गसमीकरणं सुरू करतो आहोत, अवयव पाडायचा धडा वाचून ये, एवढं सांगून ते डावा पाय ओढत निघून गेले.

पुढचं वर्ष फार चमत्काराचं नव्हतं. दहावीला बीजगणितात मला चाळिसापैकी एकतीस गुण पडले. दोघेजण तरीही नापास झाले, आणि त्यांच्याविषयी सर कितीतरी दिवस स्वतःला दोष देत होते. पण आमच्यातले सहाजण विज्ञानाला गेले, मी अमरावतीला वस्त्रोद्योगाची पदविका केली, आणि आज गिरणीच्या प्रयोगशाळेत सुताची जाडी नि ताकद मोजते. रोज समीकरणं असतात. नव्या आलेल्या मुलींना मी एका ओळीत एकच पायरी लिहायला लावते तेव्हा त्या कुरकुरतात.

दोन वर्षांपूर्वी मी परतवाड्याला सरांना भेटायला गेले. आता निवृत्त झालेत. घरामागे संत्र्याची चार झाडं आहेत, सुनेने चहा केला. बाईंना जाऊन बरीच वर्षं झाली हे त्यांच्याकडूनच कळलं. शेवटपर्यंत ते रविवारी त्यांच्याकडे जात होते, गणितासाठी नाही, नुसते बसायला. मी माझ्या कामाविषयी सांगत होते आणि बोलण्याच्या भरात कागदावर एक साधं वर्गसमीकरण लिहून त्यांच्यापुढे सरकवलं, तासाच्या सुरुवातीच्या आमच्या सरावाची आठवण म्हणून. त्यांनी चष्मा लावला, कागद जवळ धरला, लांब धरला, आणि हसून परत दिला.

"आता काईच येत नाई त्यातलं," ते म्हणाले. "तुमची दहावी झाली, नवीन सर आले, मी पुस्तक ठेवून देल्लं. माया कामाचं होतं कुठं ते?"

मला धक्का बसला. जे माझ्या हाडात उतरलं होतं ते, ज्यांनी उतरवलं, त्यांच्याजवळ उरलंच नव्हतं. परतीच्या बसमध्ये, दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा मागे पडत असताना, मला आधी वाईट वाटत राहिलं. मग हळूहळू वाटलं की यात वाईट काय आहे. दोन वर्षांचे रविवार, बसचे धक्के, चाळिशीतल्या माणसाने चटईवर बसून खाल्लेली बोलणी, हे सगळं त्यांनी स्वतःजवळ ठेवण्यासाठी केलंच नव्हतं. शिकायचं, वर्गात न्यायचं, देऊन टाकायचं आणि पुढच्या रविवारी पुन्हा रिकाम्या हाताने बाईंच्या फाटकाशी जायचं. आपण ज्ञानाला ठेव म्हणतो, वारसा म्हणतो. सरांनी ते एका गावातून दुसऱ्या गावात नुसतं पोचवलं, आणि पोचल्यावर ओंजळ झटकली. वर्षं जातील तसं माझ्याजवळचंही पुष्कळसं गळून जाईल. गिरणी सुटेल, आकडे मी विसरेन. ते जाण्याआधी कुणाच्या तरी हाती गेलेलं असावं, इतकंच आता वाटतं.